वडनेरच्या दोन विहिरी

आमचे हे पाणी बघतात. म्हणजे बँकेतून निवृत्त झाल्यापासून हाच उद्योग. तळहातावर नारळ आडवा ठेवायचा, रानातून संथ चालायचं आणि जिथे नारळ उभा राहील तिथे "इथे खणा" म्हणून सांगायचं. चिपळुणाच्या आसपास त्यांनी दाखवलेल्या बऱ्याच विहिरींना पाणी लागलं आहे. आता, कोकणात खणलं आणि पाणी लागलं, यात नारळाचं कौतुक किती आणि पावसाचं किती, हा प्रश्न मला पहिल्यापासून पडलेला आहे. मी शाळेत भूगोल शिकवायचे. पण संसारात काही प्रश्न फळ्यावर लिहायचे नसतात.

आमची मुलगी मुक्ता वर्ध्याजवळ सावंगीला फिजिओथेरपी शिकते. तिची खोलीतली मैत्रीण अश्विनी वडनेरची. अश्विनीच्या वडिलांचा, देवरावांचा, भाजीपाल्याचा मळा. विहीर दर उन्हाळ्यात तळ गाठते म्हणून त्यांनी बोअर मारायचं ठरवलं होतं, फक्त जागा ठरत नव्हती. मुक्ताने बापाची कीर्ती सांगितली आणि आम्हाला आमंत्रण आलं. तेही मे महिन्यात.

"मेमध्ये वर्ध्याला?" शेजारच्या जोशीकाकू म्हणाल्या. "स्वेटर नेऊ नका, एवढंच सांगते."

सावंगी (मेघे)

गाड्या बदलण्याचं आणि फलाटावर बसण्याचं सांगत बसत नाही. सकाळी वर्ध्याला उतरलो, तेव्हाच ऊन असं होतं की आमच्याकडे त्याला भर दुपार म्हटलं असतं. ह्यांनी मुक्ताला विचारलं, "आज जरा जास्तच आहे का गं?" ती म्हणाली, "बाबा, अजून सुरू कुठे झालंय?"

तिने आम्हाला थेट एका पोह्याच्या ठेल्यावर नेलं. आमचे पोहे म्हणजे ओलं खोबरं, कोथिंबीर, वर लिंबू. इथे पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक झणझणीत रस्सा ओततात. त्याला तर्री म्हणतात. ह्यांना पहिल्याच घासाला उचकी लागली.

"काकाजी, अजून तर्री घ्या," ठेलेवाला म्हणाला. "ऊन उतरते."

"तर्रीने ऊन उतरतं?"

"हो जी. घाम येते नं!"

ह्यांनी आणखी तर्री घेतली. घाम आला. ऊन काही उतरलं नाही, पण ठेलेवाल्याचा चेहरा इतका खूश होता की आम्हीही मान डोलावली.

मुक्ताच्या खोलीत खिडकीएवढा मोठा कूलर होता. वाळ्याचा वास येत होता, गार वाटत होतं, आणि मी मनात म्हटलं, काय सोय आहे! तेवढ्यात मुली बादल्या घेऊन खाली गेल्या आणि धापा टाकत वर आल्या. तो कूलर पाणी पितो. रोज पितो. माणसांना प्यायला कॅन विकत, आंघोळीला टाकीचं मोजकं, आणि गारवा हवा असेल तर या साहेबांना बादल्याच्या बादल्या. रस्त्याला दोन्ही बाजूंना अशाच खोल्या, प्रत्येक खिडकीत एक कूलर घरघरत होता. आमच्या गावी पावसाळ्यात बाजारपेठेत पाणी शिरतं तेव्हा लोक दुकानातून बादल्यांनी पाणी बाहेर फेकतात. राज्याच्या या टोकाला बादल्यांनी पाणी वर चढवतात आणि त्या टोकाला बाहेर उपसतात.

वडनेर

दुसऱ्या दिवशी मुक्ता आणि अश्विनीबरोबर एसटीने हिंगणघाटमार्गे वडनेरला निघालो. खिडकीतून बघताना मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. मग कळलं की डोळ्याला अडवायला डोंगरच नाही. सपाट काळी जमीन थेट आभाळापर्यंत गेलेली. तिला अशा भेगा पडलेल्या की त्यात हात जावा. मधूनच एखादा कडुनिंब, बांधावर पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचे ढीग. आमच्याकडची लाल माती पाऊस पडला की वाहून जाते. ही काळी माती धरून ठेवते, म्हणून कापूस पिकतो, असं मी वर्षानुवर्षं वर्गात सांगितलं होतं. धरून ठेवायला वरून काहीतरी यावं लागतं, हे सांगायचं राहून जायचं.

देवराव बसथांब्यावर आले होते. पन्नाशीचे, उंच, डोक्याला पांढरा दुपट्टा, बोलताना हात मोठे हलवणारे. "या काकाजी, या काकू! गाडीत उकडलं असन. घरी चाला, पयले पानी प्या, मंग बोलू."

त्यांच्या पत्नी सुमनताईंनी दारातच गूळ आणि तांब्याभर पाणी दिलं. आम्ही गटागटा प्यायलो. नंतर लक्षात आलं की आमचे पेले काठोकाठ भरलेले होते आणि घरच्या मंडळींचे अर्धे. पाहुण्याला अर्धा पेला द्यायचा नाही आणि घरच्याने पूर्ण घ्यायचा नाही, हा तिथला उन्हाळ्याचा शिष्टाचार.

जेवण मात्र भरगच्च होतं. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, गोळाभात. बेसनाचे गोळे भातात शिजवून वर कडकडीत तेल ओतायचं असतं. शिवाय कोकणी पाहुणे म्हणून खास ओल्या खोबऱ्याची चटणी. ह्यांनी ती दोनदा मागून घेतली.

जेवण झाल्यावर हे हात पुसत उठले आणि आमची पिशवी धुंडाळू लागले. आम्ही भेट म्हणून घरचे नारळ आणले होते आणि त्यांतच ह्यांचा खास पाण्याचा नारळ होता. लहानसा, शेंडीवाला, कितीतरी विहिरींचा मानकरी.

"सुमनताई, यात एक लहान नारळ होता…"

"तो? बाप्पा, तोच तं फोडला मी चटनीले. बाकीचे मोठे होते, म्हटलं देवाले ठेवू."

ह्यांचा हात पिशवीतच राहिला. मग अश्विनीला हसू फुटलं, ती हसली म्हणून मुक्ता हसली, आणि सुमनताई मात्र पदर तोंडाला लावून, "मले काय माहीत जी!" म्हणत कानकोंड्या झाल्या. हे पाटावर परत बसले. "छान झाली होती चटणी," एवढंच म्हणाले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या क्षणी मला त्यांचं फार कौतुक वाटलं.

आंघोळीचं प्रकरण

दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरा घोटाळा झाला आणि तो सर्वस्वी आमचा होता.

कोकणात पुरुषाची आंघोळ म्हणजे विहिरीवर उभं राहून कळशीमागून कळशी डोक्यावर. हे न्हाणीघरात गेले. तिथे निळा ड्रम भरलेला होता. बाहेर आले ते ताजेतवाने, रामरक्षा म्हणत. मागोमाग सुमनताई आत गेल्या आणि तशाच बाहेर आल्या. ड्रम रिकामा होता. ते पाणी सगळ्या घराचं होतं. आंघोळीचं, धुण्याचं, म्हशीचं. नळ परवा यायचा होता.

न्हाणीचं पाणी बाहेर लिंबाच्या झाडाच्या आळ्यात जातं, तिकडे बघून सुमनताई इतकंच म्हणाल्या, "लिंबाची आज दिवाळी झाली."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, आणि भेगा बघता ते अगदीच अशक्य नव्हतं. अश्विनी गुपचूप घागर घेऊन मागच्या दाराने गेली. थोड्या वेळाने ती आणि एक वयस्क बाई, दोघी डोक्यावर घागरी घेऊन आल्या. बाई अंगणापर्यंत आल्या, घागर ओट्यावर टेकवली, पण घरात पाऊल टाकलं नाही. ठेंगण्या, ताठ, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला.

"मोठी आई, बस नं," सुमनताई म्हणाल्या.

"नाई व. तिकडं बाया खोळंबल्या." माझ्याकडे बघून हसल्या. "काकू, पाहुण्याले पोटभर आंघोय झाली नं? मंग झालं."

त्या गेल्यावर देवराव, जे इतका वेळ दारात उभे होते, वावराकडे, म्हणजे शेताकडे, निघून गेले.

मुक्ताने मला बाजूला घेऊन सांगितलं. मोठी आई म्हणजे देवरावांच्या वारलेल्या थोरल्या भावाची बायको. ती लग्न होऊन आली तेव्हा देवराव शाळेतही जात नव्हते. त्यांना न्हाऊमाखू घालून तिनेच वाढवलं. वावराच्या वाटण्या झाल्या. दोघांच्या विहिरी धुऱ्याच्या अल्याड-पल्याड, म्हणजे बांधाच्या दोन बाजूंना. देवरावांची विहीर मळ्याला, मोठी आईची साऱ्या गल्लीला. नळ येत नाही तेव्हा अर्ध्या गल्लीच्या बाया तिच्याच विहिरीवर. बोअरची गाडी ठरली असं तिला कळलं, त्या दिवसापासून ती या घराची पायरी चढली नव्हती.

नारळ उभा राहतो

संध्याकाळी ऊन उतरल्यावर वावरात गेलो. गावातल्या दुकानातून नवा नारळ आणला होता. "परका आहे, बघू ऐकतो का," हे म्हणाले.

मळा वाळत चालला होता. मिरची तग धरून होती, सांबार, म्हणजे कोथिंबीर, पिवळी पडलेली, आणि वांग्याची झाडं माना टाकून उभी. पानं चुरगाळली तर पापडासारखी मोडत होती. देवराव म्हणाले, "सांगा काकाजी, मी काय जुगार खेळून राह्यलो का? दर साली पोरावानी वाढवतो अन् ऐन फळावर आले का पानी सरते. तीन उन्हाये झाले. डोयानं पाह्यवत नाई."

हे चप्पल काढून चालू लागले. मागे दहाबारा माणसं. ते मळ्याच्या खालच्या बाजूला गेले, परत फिरले, धुऱ्याकडे आले आणि तिथे नारळ हळूहळू कलत सरळ उभा राहिला. लोकांनी "वाऽ!" केलं. देवरावांनी तिथे दगड ठेवला, सुमनताईंनी त्याला हळदकुंकू लावलं.

धुऱ्यापलीकडे मोठी आई आपल्या विहिरीच्या काठावर बसून सगळं बघत होती. दगडापासून तिची विहीर हाकेच्या कुठली, हाताच्याच अंतरावर होती.

"ते तं माह्याच इहिरीचं पानी व्हय," ती म्हणाली. "तेवढं मीबी सांगतलं असतं, नारयाशिवाय."

लोक हसले. हेही हसले. देवराव हसले नाहीत.

"अन् एक सांगा काकाजी," ती उठत म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "बोअर झाल्यावर आमी कोनाच्या इहिरीवर जाच, तेबी सांगते का तुमचा नारय?"

ती घागर उचलून निघून गेली.

मोठी आईच्या विहिरीवर

सकाळी मी अश्विनीबरोबर त्या विहिरीवर गेले. आदल्या दिवशीच्या ड्रमाचं ओझं मनावर होतं, चार घागरी तरी आपण ओढाव्यात असं वाटलं. विहीर खोल, काळ्या पाषाणातली. तळाशी पाणी परातीत असावं तेवढं. दोनचार बादल्या ओढल्या की थांबायचं. कपारीतून पाझरून पुन्हा जमेपर्यंत बाया गप्पा मारत बसायच्या. कुणी पुढे घुसत नव्हतं. ज्या घरात तान्हं पोर, त्या घराची घागर आधी.

"तुमच्याइकडं काय जी, पानीच पानी असन," एक जण म्हणाली.

मी सांगितलं की माझं माहेर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर आहे. पाऊस इतका पडतो की छत्री वाळत नाही, आणि मे महिन्यात त्याच वाडीवर टँकर येतो. सगळं पाणी धावत खाडीला जातं. आधी कुणाचा विश्वासच बसेना. मग मी माझा वर्गातला जुना प्रयोग करून दाखवला. अश्विनीने घरून पेला-चमचा आणला, मी भरलेली बादली ठेवली. हे पृथ्वीवरचं सगळं पाणी समजा. जवळजवळ सगळं खारट, समुद्राचं. मी पेलाभर वेगळं काढलं. हे गोडं. त्यातलंही बरंच बर्फात अडकलेलं, बरंचसं जमिनीत खोल. मग चमचाभर. नद्या, तळी, विहिरी, जे हाताला येतं ते हे. जगभर लोक या चमच्यासाठी भांडतात. शहरं शेतांशी, वरचं गाव खालच्या गावाशी.

मोठी आई चमच्याकडे बघत राहिली. "अन् त्यातलंच अर्ध देवा वांग्याले देते," ती देवरावांबद्दल म्हणाली, आणि मग लगेच, "देऊ दे बापा, वांगे तं आमीच खातो." बाया खळखळून हसल्या. मी चमचा परत बादलीत रिकामा केला. तिथे प्रयोगाचं पाणी सांडून टाकायची सोय नव्हती.

बोलता बोलता एकीने सहज सांगितलं की देवरावांनी संध्याकाळी मोटर चालवली की दुसऱ्या दिवशी इथे घागर उशिरा भरते. "आज पाहा, काल मोटर बंद होती तं पानी जरा वर हाये." सगळ्याजणींना ते ठाऊक होतं. कुणी तक्रार म्हणून सांगत नव्हतं. भाजीत मीठ कमी पडलं असं सांगावं तसं सांगत होत्या.

घरी येऊन मी ह्यांना ते सांगितलं. "मला कालच वाटलं होतं," हे म्हणाले. "नारळ उभा राहिला तेव्हा हात विहिरीकडेच ओढल्यासारखा झाला." मग म्हणाले, "पण लोकांनी वाऽ केलं ना."

दिवसभर ते नारळ न घेता वावरात फिरले. दोन्ही विहिरींच्या काठावर पालथे पडून आत बघत होते. टोपी विहिरीत पडली ती तशीच राहिली.

बोअरची गाडी

गाडी दुसऱ्या दिवशी सकाळीच आली. एक नाही, दोन. एकीवर उंच लोखंडी मनोरा, दुसरीवर नळ्यांचा ढीग. आवाजाने गावातली कुत्री पिसाळली. बोअरवाले खाली उतरून दगडाकडे बोट करून विचारू लागले, "इधरच?" देवराव ह्यांच्याकडे वळले. "सांगा काकाजी. नक्की का?"

हे दगडापाशी गेले. कपाळावर घाम होता, आणि तो तर्रीचा नव्हता.

"देवराव, पाणी आहे," ते म्हणाले. "पण नवं नाही. हे दोन्ही विहिरींत जे आहे तेच पाणी. बोअर मारलं तर पहिल्या वर्षी धो धो लागेल, तुम्ही माझं नाव काढाल. मग तुमच्या वहिनींची विहीर जाईल, आणि तिच्यामागोमाग तुमचीही. मी इथे खणा म्हणून सांगणार नाही."

देवरावांचा चेहरा लाल झाला. "मंग एवढ्या दुरून आले कायले? चटनी खाले?"

"बाबा!" अश्विनी ओरडली.

"तू चूप बस! काऊन चूप बसू मी? गाडी दारात उभी हाये, वांगे मरून राह्यले, अन् हे म्हनते पानी हाये पन काढू नका! असं कोनी सांगते का?"

मला वाटलं आता पिशव्या भराव्यात आणि एसटी धरावी. ह्यांनी मान खाली घातली. त्यांनी आयुष्यात कुणाला "खणू नका" म्हटलं नव्हतं. त्यांना ते जमत नव्हतं हे दिसत होतं, पण शब्द मागेही घेत नव्हते.

तेव्हा सुमनताई बोलल्या. तीन दिवस ज्या बाईने आम्हाला "घ्या नं जी, अजून घ्या" याखेरीज फारसं काही म्हटलं नव्हतं, ती डोक्यावरचा पदर नीट करत पुढे झाली.

"गाडी वापस करा."

"तुले काय समजते?"

"मले वांग्याचं समजत नाई. पन परवा घरी पानी नव्हतं तं ते कोनं आनलं? ज्या इहिरीचं पानी तुमी ओढाले निघाले तिथूनच आलं. अन् ती बाई अंगनातून वापस गेली." त्यांनी धुऱ्यापलीकडे हात केला. "वांगे पुढच्या साली होतीन. हे पुढच्या साली नाई होत."

देवरावांनी मनोऱ्याकडे बघितलं, हळदकुंकू लावलेल्या दगडाकडे बघितलं, आणि बोअरवाल्याला हाताने "जा" केलं.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण गाडी गावाबाहेर गेलीच नाही. चार वावरं पलीकडच्या एका शेतकऱ्याने ती रस्त्यातच वळवली. दुपारी तिकडून गलका ऐकू आला. पाणी लागलं होतं. पांढरा फवारा झाडांच्या वर उडालेला आमच्या अंगणातून दिसत होता. देवराव धुऱ्यावर उभे राहून तो बघत होते. हे त्यांच्याशेजारी जाऊन उभे राहिले. मी स्वयंपाकघरात सुमनताईंबरोबर आंब्याचा रस काढत होते आणि आम्ही दोघी उगाचच कोयी पुन्हा पुन्हा पिळत होतो.

खड्डा

दुसऱ्या दिवशी आम्ही निघणार होतो. सकाळी उठून बघतो तर देवराव मळ्याच्या खालच्या कोपऱ्यात खणत होते. वांग्याच्या दोन ओळी उपटून बाजूला टाकल्या होत्या.

"पावसाचं सारं पानी ह्या कोपऱ्यातून नाल्यात पयते," ते ह्यांना म्हणाले. राग थोडा शिल्लक होता, पण तो आता जमिनीवर निघत होता. "कृषी सहायक दोन साल झाले सांगून राह्यला, इथं शोषखड्डा कर, गोटे-रेती भर, अन् गायलेलं पानी पाइपानं इहिरीत सोड. मी म्हटलं, दोन ओयी जाते कायले? आता तशाबी मेल्याच."

ह्यांनी शर्ट काढला आणि फावडं घेतलं. एसटी चुकली. दुसरीही चुकली. मुली घमेली वाहू लागल्या. मीही दोनचार घमेली उचलली आणि मग सुमनताईंनी मला जबरदस्तीने कडुनिंबाखाली बसवून पन्हं दिलं. गावातले दोघेतिघे आले, "हे काय बह्याडपन चालू हाये" म्हणून वेड्यात काढून हसले आणि हसता हसता हात लावून गेले. ह्यांच्या तळहाताला फोड आले. बँकेचे हात ते.

तळाशी घालायला मोठे गोटे कमी पडत होते. तेवढ्यात धुऱ्यापलीकडून मोठी आई आली. डोक्यावर टोपलं, त्यात तिच्या पडक्या गोठ्याच्या भिंतीचे दगड. तिने टोपलं खड्ड्याशी उतरवलं आणि आत वाकून बघितलं.

"पाइप कोनाच्या इहिरीत सोडशीन, देवा?"

"दोन्हीत."

"पयले?"

देवरावांनी कपाळाचा घाम पुसला. "पयले तुह्या."

"तुह्या इहिरीत सोड. ते भरली का माही आपोआप भरते. काकाजीनं नाई सांगतलं का, एकच पानी हाये म्हनून?" आणि मग, जणू काही मधले दिवस झालेच नव्हते अशा आवाजात, "सुमन, पोयी टाकली का वं? भूक लागली मले."

ती त्या दुपारी घरात, चुलीजवळ बसून, रस-पोळी जेवली. देवराव तिच्या ताटात रस वाढत राहिले. ती "पुरे रे, पुरे रे" म्हणत राहिली.

घरी परतल्यावर

खड्डा चालतो का, हे बघायला आम्ही थांबू शकत नव्हतो. मे महिन्यात ते बघायला पाणीच नव्हतं. पावसाळ्यात अश्विनीचा फोन आला. पहिल्या मोठ्या पावसात खड्डा गाळाने तुंबला, पाणी वरून वाहून नाल्यात गेलं. देवरावांनी तो उपसला, पुन्हा भरला, अलीकडे गाळ बसायला एक छोटी खळगी केली. मग पाइपातून पाणी पडू लागलं. त्याचा व्हिडिओ आला. चित्र इतकं हलत होतं की पाणी कुठलं, आभाळ कुठलं कळेना, पण आवाज स्पष्ट होता.

यंदा मी मुद्दाम विचारलं. विहिरी काही काठोकाठ भरल्या नाहीत. मेच्या अखेरीस मोठी आईच्या विहिरीवर पुन्हा थांबून थांबूनच घागर भरावी लागली. पण भरली. देवरावांनी उन्हाळी वांगी लावलीच नाहीत. थोडी मिरची, थोडा सांबार, आणि झाडांच्या बुडाशी पऱ्हाटीचा भुगा अंथरला ओल टिकायला. चार वावरं पलीकडचं बोअर मात्र मार्चमध्येच नुसती हवा सोडू लागलं.

त्याच शेतकऱ्याला आता नवी जागा बघून हवी आहे. परवा देवरावांनी त्याच्यासाठी फोन केला. मी स्पीकरवर ऐकत होते.

"काकाजी, येता का? तो म्हनते, तुमच्याच हातानं पाहाचं हाये. उद्याच गाडीत बसा."

"येतो ना," हे म्हणाले. "पण आत्ता नको. जुलैत येतो. चांगला धो धो लागला की कळवा."

"पावसात?" देवराव चक्रावले. "पावसात काय दिसन जी? सारं वावर पान्यानं भरून राह्यते!"

"तेच बघायचंय. कुठून येतं आणि कुठे पळतं."

देवराव मोठ्याने हसले आणि मागे वळून कुणालातरी सांगू लागले, "ऐकलं का वं मोठी आई, काकाजी भर पावसात येऊन राह्यले!"

मी माळ्यावरून दोन रेनकोट आणि गमबूट काढून उन्हात टाकले.